करदोड्याची किल्ली

दूध नासल्याचा वास आला की कोल्हापूरची ती डेअरी आठवते. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, तिथल्या ट्रकना डिझेल मिळायचं ते माझ्या हुकमावर. पंपाची किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला अडकवून ठेवायची असे, मी ती तोऱ्यात करदोड्याला बांधायचो. एकदा तशीच घेऊन नेसरीला जत्रेला गेलो. परतलो तर दुधानं भरलेला ट्रक डिझेलवाचून पंपापाशीच उभा, दूध आंबलेलं आणि मॅनेजर ड्रायव्हरवर तापलेले. "किल्ली खिळ्यालाच होती," मी म्हणालो. ड्रायव्हर उसळला, "न्हवती! सायब, सदरा वर करा की जरा!" "शिकलेल्या माणसाशी नीट बोल," मॅनेजर गरजले आणि त्याला कामावरून काढलं. सदरा वर करायला मला कुणी लावलं नाही, मीही केला नाही. आज हात आपसूक सदऱ्याकडं जातो, पण आता दाखवायचं कुणाला?