सळई तिरकी धर, बायो

खरं सांगते, तुमचे या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचायचे. ऑफिसात तर भुताचे आवाज काढून वाचून दाखवायचे. गेल्या मंगळवारपासून ते बंद.

मी भाईंदरजवळ सिल्व्हर पार्कला राहते – दादा, वहिनी, बाबा आणि मी. नाल्यांची कामं घेणाऱ्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे साईट इंजिनिअर आहे. बाबा लष्करात होते, इंजिनिअर पलटणीत. शाळेत मी फुशारकी मारायचे की माझे बाबा लढाई करतात, तर बाबा म्हणायचे, "बंदुकीपेक्षा फावडंच जास्त धरलं गो." रस्ते, पूल, आणि लढाईत सगळ्यांच्या पुढे जाऊन जमिनीत पुरलेले सुरुंग काढणं. सुरुंग शोधायच्या यंत्राला फक्त लोखंड कळायचं. शत्रूने प्लॅस्टिकचे सुरुंग पेरले की यंत्र गप्प. मग ही माणसं पोटावर झोपून, सळई तिरकी खुपसत वीत-वीत जमीन तपासायची. तिरकी अशासाठी, की सुरुंगाच्या कुशीला लागावी, डोक्यावर नाही; डोक्यावर दाब पडला की तो फुटतो. रस्ता साफ झाला की मागून रणगाडे. जेवताना हे शंभरदा ऐकलंय आणि शंभरदा जांभई दिलीय मी.

आठ महिन्यांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. एक शब्द नाही.

तर मंगळवार, दुपारचे साडेतीन. भाईंदर पश्चिमेला बंद पडलेल्या मिठागरांत नाल्यासाठी जमिनीची लेव्हल बघायला गेले होते. सोबत पाटीलकाका, तिथल्याच गावातले, पूर्वी त्यांचंच तिथे मिठाचं आगर होतं. ते आधीच म्हणाले, "पोरी, बांधावरशीच चाल. मदी गाळ हाय." पण ऐकेल ती मी कसली! समोर पांढरी, कोरडी, तडे गेलेली जमीन. आम्हा फ्लॅटवाल्यांना वर कोरडं दिसलं की झालं. म्हटलं, वळसा कशाला, मधूनच जाऊ. पंधरा पावलं गेले आणि सोळाव्याला – धप्प! मांडीपर्यंत आत.

"हलू न्हको!" पाटीलकाका ओरडले. "हलशील तं आखीन जाशील! भरती चालू झालीय, मी दोर नि मानसा घेऊन येतो." आणि ते पळाले गावाकडे.

फुटलेल्या बांधातून पाणी आत यायला लागलं होतं. मी हलले. कोण नाही हलणार? कमरेपर्यंत गेले. आईशप्पथ, त्या क्षणी वाटलं, संपलं. कानात इअरफोन होते, घरी फोन लावला. वहिनीला रडत रडत म्हटलं, "काही विचारू नको, फोन बाबांच्या कानाला लाव." त्यांना ऐकू येतं एवढं माहीत होतं. म्हटलं, निदान माझा आवाज तरी पोचू दे.

"बाबा, मी गाळात रुतलेय... पाणी चढतंय..."

आणि कानात, खणखणीत –

"रडतेस काय? आडवी हो. पोटावर."

अहो, बाबा! आठ महिन्यांनी! मला हसू का रडू कळेना. "हातात काय आहे?" खुणा करायची सळई होती. "तिरकी धर, बायो. वीतभर पुढे खुपस. मग वीतभर बाजूला. आमचं उलटं होतं, कडक लागलं की थांबायचं. तू कडक लागेल तिकडे जा."

खुपसलं. मऊ. बाजूला – मऊ. पुढे – ठक्क! "लागलं बाबा!" "मग छाती टाक त्यावर. पाय ओढू नको, घोळव." एक पाय सुटला! मग दुसरा! गाळाखाली जुना बुजलेला बांध होता. वीत-वीत करत मी सरकत होते, तोंडात खारट चिखल, आणि सांगू? आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. बाबा ओरडत होते, मी "हो बाबा, हो बाबा" करत होते.

डावीकडे पाण्याबाहेरचा बांध हाताच्या अंतरावर दिसला. मी वळले.

"डावीकडे नाही!"

असा आवाज, की हात तिथेच थांबला. सरळ गेले. पंचवीस मिनिटांनी पाटीलकाका चार माणसं आणि दोर घेऊन आले, तेव्हा मी बांधावर उताणी पडून खदाखदा हसत होते. डावीकडची जागा दाखवली तर काकांनी कपाळाला हात लावला. "तिथं उघाडी व्हती आमची, भरतीचं पानी घ्यायचं दार. दोन पुरुस खोल खड्डा हाय खाली." बाबांनी आयुष्यात ही मिठागरं पाहिलेली नाहीत.

चिखलाच्याच कपड्यांनी घरी धावत सुटले. दारातूनच ओरडले, "वहिनी, बाबा बोलले!"

वहिनीचे डोळे रडून सुजलेले. म्हणाली, "कुठे बोलले? मी फोन धरून बसले होते ना. तू एकटीच 'हो बाबा, हो बाबा' करत होतीस. त्यांच्या तोंडातून हूं की चूं नाही." मग तिने चादर दाखवली. बाबांचा उजवा हात झटक्यापासून उचलतच नाही, आणि तोच हात सगळा वेळ चादरीत बोट तिरकं खुपसत होता. वीतभर पुढे, वीतभर बाजूला. मी बांधावर पोचल्याचं सांगितलं आणि हात पडला.

डॉक्टर म्हणाले, हाताचं होतं असं कधीकधी. बरं, मान्य. आणि मी ऐकलं ते? आणि ती उघाडी? यावर ते फाईल चाळायला लागले. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर सांगा.

हात परत हलला नाही. मी आता रोज दुपारी साईटवरून घरी फोन करते, वहिनी तो बाबांच्या कानाला लावते. पलीकडून काहीच येत नाही. मी दिवसभराचं सगळं सांगते, थोडी थांबते, आणि "हो बाबा" म्हणून ठेवते.