बामणोलीची निळी बोट आणि तिचा तळ

गेल्या पुरात आमच्या कृष्णाकाठच्या गल्लीत बोट पोचली, ती माणसं गच्चीवर चढून बसल्यावर. म्हणून यंदा गावानं ठरवलं, स्वतःचीच बोट घ्यायची. कोयनेच्या जलाशयावर, बामणोलीत, फायबरची एक जुनी बोट विकायची आहे असं कळलं. ती पारखायला माझे सासरे निघाले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. फौजेत त्यांनी बोटीच चालवल्या. गाडी चालवायला मी.

सांगली, इस्लामपूर, कराड, सातारा हा रस्ता मस्त. पुढे कासवरून उतरताना वळणं जपून घ्या, आणि पेट्रोल साताऱ्यातच भरा. पठारावर वारा असा सुटला होता की मामांच्या टोपीमागे मला धावावं लागलं. बामणोलीत तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण खाल्लं. नुसत्या त्या कालवणासाठी मी परत जाईन.

बोट काठावर ओंडक्यांवर ठेवलेली, निळ्या रंगात झकास. मालक शिवादादा साठीचे. म्हणाले, "लय जपलीया. एक चरा न्हाई बघा."

"सूनबाई, आत बस. तळाला कान लाव," मामा म्हणाले. फौजेत त्यांचा एक कान गेलाय. ते खालून हातोडीच्या दांड्यानं ठोकत सरकू लागले. टक, टक, टक. मधोमध आले आणि आवाज एकदम बसका झाला.

"मामा, इथं!"

पुन्हा ठोकलं, पुन्हा तेच. वरून गुळगुळीत, आत फायबरचे थर सुटलेले. माणसांनी भरलेली बोट पुरात तिथंच फुटली असती.

शिवादादा बराच वेळ तळावर हात फिरवत राहिले. "आमचं जुनं घर धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोतं वर येतं. दर साली बोट तिथंच बांधतो, बापाच्या दारात. पाणी आणखी सरकलं की ती दगडावर टेकती. ध्यानातच आलं न्हाई."

"दुरुस्त हुईल?" मामांनी विचारलं.

"व्हईल की. सुटलेला थर खरडून फायबरचं नवं कापड बसवतो. पुरातल्या माणसास्नी असली बोट न्हाई द्यायचो मी."

"मग आमी दुसरी बघत न्हाई," मामा म्हणाले. मला दोघांचाही अभिमान वाटला.

पावसाआधी शिवादादा स्वतः बोट घेऊन आले. मी पुन्हा कान लावला. टक, टक, मधोमधही टक. त्यांनी आमच्या भिंतीवरची पुराची रेघ पाहिली आणि पाणी चढलं की बोट वर यावी म्हणून दोर खिडकीच्या गजाला सैल बांधला.

"पाणी आलं की घरात जीव अडकवू नगा, येळंत निघा," ते मला म्हणाले. "तुमचं पाणी उतरतंय. घर परत घावतंय."