मामा आणि अढीची खोली

ईश्वराने विश्वास नावाची वस्तू सर्वांना थोडीथोडी वाटली, तेव्हा माझ्या पत्नीचे मामा त्या रांगेत उभे नव्हते. आणि असते, तरी "फुकट वाटतोय म्हणजे मालात खोट आहे" असे म्हणून रिकाम्या हाताने परतले असते, हे मी पूर्ण जबाबदारीने नमूद करतो. रत्नागिरीत कचेरीबाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिण्यात माझी हयात चालली आहे. शाळा नववीतच सुटली असली, तरी समोरचा माणूस कोठे खोटे बोलत आहे हे मला त्याच्या पहिल्याच वाक्यात उमगते. परंतु मामांच्या संशयापुढे माझा संशय म्हणजे समुद्रापुढे विहीर.

मामांची पूर्णगडच्या बाजूला हापूसची बाग आहे. त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून ते आठवड्यातून दोनदा एसटीने शहरात येऊन डायलिसिस करून घेतात, आणि परतीची गाडी लागेपर्यंत माझ्या टेबलाशी विसावतात. बसण्यापूर्वी खुर्चीचे चारही पाय हलवून पाहतात. मासळीबाजारात ते आधी पापलेटाचा कल्ला उघडून बघतात, मग विकणारीचा चेहरा बघतात, मग पुन्हा कल्ला. एकदा ती बाई वैतागून म्हणाली, "बाबा, मासा घ्यायचाय की सोयरीक जुळवायचीय?" दवाखान्यातल्या वजनकाट्यावर तर त्यांचा विशेष राग. "मामा, पाणी जास्त प्यायलात," असे सिस्टरने म्हटले की त्यांचे उत्तर ठरलेले, "काटा तुमचा, तो साक्ष तुमच्याच बाजूने देणार!" शेजारी प्रेमाने शहाळे घेऊन आला, तेव्हा शहाळे या आजारात वर्ज्य असल्याचे ठाऊक असलेले मामा माझ्या कानाशी लागून म्हणाले, "याला बांधाकडची कलमं हवीत. मी लवकर आटपावा म्हणून शहाळं."

पण खरी गंमत अशी की, स्वतःच्या आजारावरही त्यांनी कधी विश्वास टाकला नाही. सुया टोचून टोचून दोरखंडासारखा झालेला हात मांडीवर ठेवून ते म्हणत, "जावईबापू, दुखण्याचं काही खरं मानू नये. गळून गेल्यासारखं वाटलं की समजावं, हे आपल्याला घाबरवतंय. बरं वाटलं की समजावं, गाफील ठेवतंय." ज्या निदानापुढे धडधाकट माणसे अंथरूण धरतात, त्याच्याकडे मामा लबाड कुळाकडे बघावे तसे बघत आणि वेळेवर एसटी पकडत.

अशा माणसाविषयी मलाच संशय यावा, असा प्रसंग मे महिन्यात आला. आंबा त्यांना विषासमान होता. त्यातल्या पोटॅशियमने चालते हृदय थांबेल, असे डॉक्टरांनी बजावलेले होते. आणि मामींचा फोन आला. "जावईबापू, हे रोज दुपारी अढीच्या खोलीत शिरतात नि आतून कडी घालतात. बाहेर येतात तर हातांना आंब्याचा वास. विचारलं तर म्हणतात, तुझा माझ्यावर विश्वास नाही? आता हे यांनी विचारावं!"

अढीची खोली म्हणजे गवताच्या थरांत आंबे पिकत घालतात ती. मामा अलीकडे फार प्रसन्न दिसत होते, आणि आजारी माणूस चोरून काही खात असल्याखेरीज इतका प्रसन्न राहत नाही, असे माझे ठाम मत आहे. तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी पूर्णगड गाठले आणि त्या खोलीच्या मागच्या खिडकीशी उभा राहिलो.

मामा पाटावर बसले होते. त्यांनी गवतातून एक पिवळाजर्द आंबा काढला, धोतराला पुसला, देठाशी नाक नेऊन डोळे मिटले. ओरडावे, तर दचकून खातील; न ओरडावे, तरी खातील. बराच वेळ तो आंबा त्यांच्या ओठांपासून वीतभर अंतरावर राहिला. मग त्यांनी तो निगुतीने पुन्हा गवतात ठेवला आणि मागे न वळता म्हणाले, "खिडकीत पाय दुखतील, जावईबापू. आत या, कडी काढतो."

"मामा, हे काय चाललंय?" मी आत शिरताच दरडावले.

"पहारा."

"आंब्यांवर?"

"आंबा बिचारा काय करणार?" त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवले. "हा चोर. जगावर संशय घेतो मी, पण पहिला आरोपी हा. लांब कोंडून ठेवला, तर एखाद्या रात्री भिंत फोडील. म्हणून रोज आंब्यासमोर बसवतो नि नजर रोखून बघतो."

"आणि एखाद्या दिवशी चोर जिंकला तर?"

मामा गवतावरून हात फिरवत राहिले. "म्हणून तर कडी. मी हरलेला तुमच्या मामीला दिसायला नको."

मी त्यांच्या पाटाशेजारी मांडी घातली. म्हणालो, "कडी नको. पहाऱ्याला साक्षीदार लागतो. हंगामात मी दर रविवारी येईन, बाकी दिवस मामींना बसू द्या."

"फुकट?" मामांचे डोळे बारीक झाले.

"आंबा खाईन."

"मग आत्ताच खा. माझ्यादेखत. नि चव सांगा, खरी."

मी खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला. "गोड आहे," मी म्हणालो.

"लोकांच्या बांधाच्या भांडणाची चार पानं करता, नि माझ्या आंब्याला दोन शब्द?"

तेव्हापासून त्या दाराला कडी नाही. मामी सुपारी कातरत उंबऱ्यावर बसतात आणि रविवारी मी आंबा खाऊन त्याचे सविस्तर निवेदन करतो. मामा मिटल्या डोळ्यांनी ऐकतात आणि मध्येच पकडतात, "खोटं! आंबट छटा आहे, ती लपवलीत." असते ती. दरवेळी असते.

यंदा कलमे पुन्हा मोहरली आहेत. मामा आता बागेच्या चढणीची घाटी चढताना मध्ये थांबतात. दम लागला म्हणून नव्हे, मोहर खरा आहे की नाही ते बघायला, असे सांगतात. मी पहिल्या आंब्याचे शब्द आत्तापासून जुळवून ठेवले आहेत, आणि त्यांत एक खोटा मुद्दाम घातला आहे. तो पकडायला ते पाटावर बसलेले असावेत, एवढीच माझी विनंती. आणि ती कोणत्या कचेरीत दाखल करावी, हे माझ्यासारख्यालाही ठाऊक नाही.