आबांचा पाय आणि आमची महाविद्यालयं

आळेफाट्यापासून थोडं आत, माळावर आमचं विद्यापीठ आहे. एकाच आवारात वैद्यकीय, आयुर्वेद, दंत, फिजिओथेरपी आणि नर्सिंग अशी पाच महाविद्यालयं आणि मध्ये एक रुग्णालय. मी नर्सिंगची प्राचार्य. पाचही इमारतींचा रंग एकच, पण प्रत्येकीचं फाटक वेगळं आणि वॉचमनही वेगळा. एकीतून दुसरीत जायचं तर बाहेर रस्त्यावर येऊनच जावं लागे. पेशंटही तसेच जात. गुडघा एकीकडे दाखवायचा, साखर दुसरीकडे, आणि इकडे काय सांगितलं ते तिकडे बोलायचं नाही, हे तालुक्यातल्या लोकांच्या अंगवळणी पडलं होतं.

नवीन कुलगुरूंना हे खटकलं. पाचही महाविद्यालयांना मिळून एक समन्वय प्रमुख असावा असं त्यांनी ठरवलं आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. वैद्यकीयचे अधिष्ठाता त्या बैठकीला अभिनंदन स्वीकारायच्या तयारीनंच आले होते. आयुर्वेदचे प्राचार्य आमच्यात वयानं सगळ्यांत मोठे. ते म्हणाले, "मला पदाचा मोह नाही, पण ज्येष्ठता म्हणून काही गोष्ट असते."

अधिष्ठाता म्हणाले, "असते ना. तसंच रुग्णालय कोणाच्या जिवावर चालतं, हीही एक गोष्ट असते."

कुलगुरूंनी चहा मागवला. चहा येईपर्यंत कोणीतरी माझं नाव घेतलं आणि त्या दोघांनीही लगेच माना डोलावल्या. कुलगुरूंना फार आनंद झाला. समन्वयाचा हा पहिला विजय आहे, असं ते म्हणाले. मला मात्र दोघांच्या चेहऱ्यावरचा निवांतपणा दिसत होता. नर्सिंगची बाई आपल्याला काय हुकूम सोडणार, असा तो निवांतपणा होता. आणि ते काही चुकीचं नव्हतं. पदाबरोबर मला एक खोली मिळाली, जिथे आधी क्रिकेटची किट ठेवत. दारावर पाटी लागली. अधिकार कोणते, हे त्या पाटीवरही नव्हतं आणि आदेशातही नव्हतं.

माझ्या डोक्यात एकच साधी योजना होती. मधुमेहाच्या पेशंटला आठवड्यातून एका सकाळी, एकाच खोलीत, आम्ही सगळ्यांनी मिळून तपासायचं. औषध, पथ्य, व्यायाम, दात, जखमेची काळजी, सगळं एका बैठकीत. पेशंटनं पाच फाटकं ओलांडायची नाहीत. मी हे मांडलं तेव्हा कोणीच विरोध केला नाही. अधिष्ठात्यांनी फक्त विचारलं, "त्या खोलीत मधल्या खुर्चीवर कोण बसणार?"

पुढच्या काही बैठका त्या खुर्चीवर गेल्या. शेवटी मी गोल टेबलाची मागणी केली. गोल टेबल आलं. तेव्हा पंख्याखाली कोण, हा प्रश्न निघाला. आयुर्वेदचे प्राचार्य म्हणाले की एकत्र तपासायला हरकत नाही, पण चूर्णाला परिणामशून्य म्हणणाऱ्यांच्या शेजारी बसायला हरकत आहे. अधिष्ठाता म्हणाले, "मी परिणामशून्य म्हणालो नाही. परिणाम सिद्ध करा म्हणालो." दंतवाले प्रत्येक वेळी सहमत असल्याचं सांगून लवकर निघून जात. फिजिओथेरपीच्या प्राचार्य वयानं लहान, हुशार मुलगी. ती एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मॅडम, खुर्च्याच काढून टाका. उभ्यानं तपासू. पाठीलाही बरं." योजना तत्त्वतः मान्य झाली. आमच्याकडे एखादी गोष्ट तत्त्वतः मान्य झाली की तिची काळजी करायचं कारण उरत नाही.

याच दिवसांत माझ्या वडिलांच्या पायाला जखम झाली. आबा बोरी बुद्रुकला भावाजवळ राहतात. साखर जुनी, स्वभाव त्याहून जुना. बेल्ह्याच्या बाजारात गोऱ्हा विकायला गेले ते नव्या चपला घालून. दिवसभर बाजार फिरले. पायाला फोड आला, फुटला, चिघळला. आबांनी त्यावर हळद दाबून पायात मोजा घातला आणि कोणाला काही बोलले नाहीत. भर उन्हाळ्यात सासरा मोजा घालून फिरतोय म्हटल्यावर वहिनीला शंका आली. तिनं मला फोन केला.

मी त्यांना रुग्णालयात आणलं. पायाची करंगळी काढावी लागली. बाकी पाऊल वाचलं, आणि त्याचं श्रेय अधिष्ठात्यांना द्यायलाच हवं. ते स्वतः रोज येऊन बघत होते. घरी सोडताना त्यांनी साखरेच्या गोळ्या वाढवून दिल्या. फिजिओथेरपीची मुलगी घरी जाऊन बसल्या बसल्या करायचे व्यायाम शिकवून आली. मी ड्रेसिंग कसं करायचं ते वहिनीला दाखवलं, आणि एक दिवसाआड स्वतः जाऊ लागले. मला वाटलं, निदान या एका पेशंटच्या बाबतीत तरी समन्वय झाला.

पण आयुर्वेदचे प्राचार्य हे बोरीचे जावई. त्यांची सासुरवाडी आमच्या घरापासून चार घरं पलीकडे. सासऱ्यांना भेटायला आले तेव्हा ते आबांनाही बघून गेले. जाताना साखरेवर एक चूर्ण दिलं आणि रात्री हलकं जेवा म्हणून सांगितलं. त्यात वावगं काहीच नव्हतं. आबांनी मला ते सांगितलं नाही एवढंच.

एका रविवारी सकाळी आबा गोठ्याच्या दारात कोसळले. अंगाला घाम, हात थरथरत होते, जीभ जड झालेली. वहिनीनं गुळाचं पाणी पाजलं म्हणून सावरले. मी पोचले तेव्हा ते ओसरीवर खाटेवर बसून, आपण पडलोच नाही असं भावाला पटवून देत होते. मी उशाखाली हात घातला तर चूर्णाची पुडी हाती आली. मग सगळं कळलं. आबांनी वाढवलेल्या गोळ्या घेतल्या होत्या, चूर्ण घेतलं होतं, रात्री नुसती लापशी खाल्ली होती आणि सकाळी उपाशीपोटी, सांगितले त्याच्या दुप्पट व्यायाम केले होते.

"असं कशाला केलंत?" मी विचारलं.

"समद्यांनी सांगितलं ते समदं केलं," आबा म्हणाले. "कुनाचं मोडायचं? तुज्याच हपिसातली मानसं."

मला रडू आलं आणि रागही आला. ज्या बाईच्या दारावर समन्वयाची पाटी आहे, तिच्या बापाला तीन बरोबर सल्ल्यांनी मिळून आडवं केलं होतं. मी अंगणात जाऊन तिघांनाही फोन केला. तिघांनाही एवढंच सांगितलं, "आबा पडलेत, या." बाकीचे येणार आहेत, हे कोणालाच सांगितलं नाही.

थोड्याच वेळात अंगणात तीन गाड्या लागल्या. अधिष्ठाता आधी आले आणि सवयीनं ओसरीवरच्या एकुलत्या एका खुर्चीकडे वळले. तेवढ्यात आयुर्वेदचे प्राचार्य पायरी चढले. माझा भाऊ पुढे होऊन म्हणाला, "या जावईबापू, बसा," आणि खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. गावच्या जावयापुढे अधिष्ठाता पदाला बोरीत काही किंमत नव्हती. ते निमूटपणे आबांच्या पायथ्याशी खाटेवर बसले. फिजिओथेरपीची मुलगी चटईवर बसली. वहिनीनं चहा आणला. एका हातात कप आणि दुसऱ्या हातात बशी आली, की आमच्याकडे माणसाला भांडता येत नाही.

मी गोळ्यांचं पाकीट आणि चूर्णाची पुडी त्यांच्यामध्ये खाटेवर ठेवली.

अधिष्ठात्यांनी पुडीचा वास घेतला. "अहो, या चूर्णानं साखर बरीच उतरलेली दिसते," ते जरा चढ्या आवाजात म्हणाले. "वर माझ्या गोळ्या. मग पडणार नाहीत तर काय?"

"छे छे," आयुर्वेदचे प्राचार्य म्हणाले, "ते अगदी सौम्य असतं. त्यानं एवढं काही होत नाही."

बोलून झाल्यावर दोघंही थांबले. एवढ्या बैठकांत एकानं जे कबूल केलं नव्हतं ते त्यानं आत्ता केलं होतं, आणि दुसऱ्यानं जे कधीच सोडलं नसतं ते सोडून दिलं होतं. फिजिओथेरपीच्या मुलीला चहाचा ठसका लागला.

आबा एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. "म्हंजी गुन आला का न्हाई आला?" त्यांनी विचारलं. "ते तेवडं सांगा. म्या लई इमानदारीनं घेतलंय."

"आला, आबा," अधिष्ठाता म्हणाले. "जरा जास्तच आला."

मग ते जावईबापूंकडे वळले आणि त्यांनी चूर्णात काय काय आहे ते विचारलं. जावईबापूंनी सांगितलं, आणि गोळी किती ताकदीची आहे ते विचारलं. चूर्ण सध्या बंद ठेवायचं, गोळी कमी करायची, रात्री पोटभर जेवायचं आणि व्यायाम नाश्त्यानंतर, असं ठरलं. मी ड्रेसिंग सोडलं. अधिष्ठात्यांनी पाय धरला, जावईबापूंनी सलाईनच्या बाटलीनं जखमेवर धार धरली, मुलीनं उन्हाचा अंदाज घेऊन खाट फिरवायला लावली. मी जखम साफ करत होते आणि मी म्हणेन ते बाकीचे करत होते. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं.

आबा तृप्त होऊन म्हणाले, "लग्नात बी एवडी मानसं माज्या पायापाशी वाकली न्हवती."

त्या दिवशी वहिनीनं सगळ्यांना जेवायला ठेवून घेतलं. मासवडी केली होती. अधिष्ठाता मूळचे मराठवाड्यातले. त्यांनी तशी मासवडी पूर्वी खाल्ली नव्हती. पुढच्या रविवारी आबांचा पाय बघायला म्हणून ते पुन्हा आले. जावईबापूही आले. नंतर तो पायंडाच पडला. पाय भरत आला तरी त्यांची काळजी काही कमी होईना. ओसरीवर रस्सा भुरकत, एकत्र तपासणीच्या दवाखान्याचं सगळं बोलणं झालं. कोणी आधी बघायचं, औषध बदललं तर बाकीच्यांना कसं कळवायचं, आयुर्वेदचं औषध चालू असेल तर ते पेशंटला न लाजता सांगता यायला हवं, असं सगळं. विद्यापीठात ज्यावर वर्षभर काथ्याकूट चालला होता ते चार रविवारांत मिटलं. इथे बैठक नव्हती, त्यामुळे अध्यक्षही नव्हता.

आबा मात्र नमुनेदार पेशंट झाले असं कोणी समजू नये. ते बँडेज बांधलेल्या पायानं एकदा मोटरसायकलवर मागे बसून बाजारात जाऊन आले. विचारलं तर म्हणाले, "चाललो कुटं? बसूनच गेलो."

ही गोष्ट कुलगुरूंच्या कानावर गेली आणि त्यांना ती फार आवडली. त्यांनी आम्हाला बोलावून या अनुभवाचं प्रारूप तयार करायला सांगितलं. प्रारूपात पहिला परिच्छेद होता तो ही कल्पना मुळात कोणाची याबद्दल. अधिष्ठाता म्हणाले, शस्त्रक्रियेपासून पेशंट त्यांचा होता. आयुर्वेदचे प्राचार्य म्हणाले, घरी जाऊन बघायला सुरुवात त्यांनी केली. तो परिच्छेद अजून लिहून व्हायचा आहे. पण दवाखाना सुरू झाला. मंगळवारी सकाळी सगळे एका खोलीत बसतात, भांडणं दाराबाहेर ठेवतात, आणि पेशंट येतात. पहिल्या मंगळवारी आबांनाही आणलं होतं. टोकन घेऊन बाकावर बसावं लागलं, चहा मिळाला नाही, तेव्हा त्यांनी मला स्पष्ट सांगितलं की घरचं खातं जास्त चांगलं चाललं होतं.

योजना यशस्वी झाल्यामुळे कुलगुरूंना समन्वय प्रमुखाचं पद महत्त्वाचं वाटू लागलं. पद महत्त्वाचं झाल्यावर ते माझ्याकडे ठेवणं बरं दिसेना. पुण्याहून एक निवृत्त प्रशासकीय अधिकारी संचालक म्हणून आले. मला शाल आणि श्रीफळ मिळालं. दोन-तीन दिवस मनाला लागलं, नाही असं नाही. वहिनी म्हणाली, "ताई, बरं झालं. आता रविवारी आमच्याकडं नुसत्या जेवायला येत जा."

नवीन संचालकांनी पहिल्याच बैठकीत दवाखान्याच्या फलकाचा मसुदा पडद्यावर दाखवला. वैद्यकीय, आयुर्वेद, दंत, फिजिओथेरपी, आणि खाली नर्सिंग. मी हात वर केला आणि नर्सिंग शेवटी का, असं विचारलं. पेशंटला पहिला हात आमचा लागतो, शेवटचाही आमचाच लागतो, तर नाव वर हवं, असं मी म्हणाले. माझा आवाज थोडा चढला होता. अधिष्ठाता आणि आयुर्वेदचे प्राचार्य शेजारी शेजारी बसले होते. क्रम योग्यच आहे, असं दोघांनीही सांगितलं. मी म्हटलं, मग माझी हरकत नोंदवा.

संचालकांनी ती नोंदवली आणि विषय पुढच्या बैठकीवर टाकला.