गरम भरलेली डाळ

आमची पोस्ट चौदा हजार फुटांवर. अकरा जवान. नोव्हेंबरात रस्ता बंद झाला की एप्रिलपर्यंत साठवलेलंच खायचं. मी हवालदार, रेशनची जबाबदारी माझी.

त्या वर्षी बेस कॅम्पला येताना ट्रकमध्ये डाळ-तांदळाची पोती भिजली. आम्ही ती ताडपत्रीवर उन्हात वाळवली. दुपारी तीनला सुभेदारसाहेब आले.

"चारला कॉन्व्हॉय सुटतो. डब्यांत भरून टाका."

डाळ हाताला गरम लागत होती. गरम धान्य डब्यात कोंडलं की आत वाफ धरते, हे गावी केदारखेड्यात आईकडून शिकलो होतो. तरी साहेबांना थांबा म्हणालो नाही. झाकणं लावली, टेप मारली.

फेब्रुवारीत डबे उघडले. सोळापैकी अकरा बुरसलेले. नऊ दिवस अर्ध्या रेशनवर काढले. हवामानामुळे हेलिकॉप्टर येईना. शेवटी शेजारच्या पोस्टवरून रेशन आणायचं ठरलं.

लान्स नाईक सिद्धार्थ शहागडचा, माझ्याच जिल्ह्यातला. म्हणाला, "मी जातो, हवालदारसाब. वाट बराबर ठावकी हाय."

"मी येतो."

"तुमचा पाय सुजलाय. ऱ्हाऊ द्या."

सकाळी साडेसातला सिद्धार्थसह तिघं दोर बांधून निघाले. अकरा चाळीसला वायरलेस सेट वाजला. "बर्फ कोसळला. दोघं बाहेर. एक मिळत नाही. ओव्हर."

सिद्धार्थचा देह तीन तासांनी मिळाला.

चौकशीत 'रेशन खराब' एवढंच लिहिलं गेलं. कशानं, ते कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

निवृत्त होऊन घरी आलो. बायको वर्षाची तूरडाळ डब्यांत भरत होती.

"निवली का?" मी विचारलं.

"कवाच. तुमी असं काय बघून राह्यले?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं शहागड गाठलं. सिद्धार्थच्या आईला सगळं सांगितलं, गरम डाळीसकट. तिनं विचारलं, "जेवून निघाल्ता का त्यो?"

"न्हाई, माय. नुसत्या चहावर."



"अन् संगचे दोघं?"

"जगले."

तिनं मान हलवली. मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही.

लान्स नाईक सिद्धार्थ सव्वीस वर्षांचा होता. त्या दिवशी दोराच्या पुढच्या टोकाला तो होता.