वयाचा रकाना

बोन्सायच्या प्रदर्शनात नोंदणीचा अर्ज भरताना वयाच्या रकान्यात मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘बावीस वर्षे’. माझा पिंपळ जेमतेम वीतभर, पण त्याची मुळं छाटण्यात, फांद्यांना तारा गुंडाळण्यात माझी बावीस वर्षं गेली होती. यंदा कुंडीही मीच घडवली होती. एवढा तोरा चालायचाच!

शेजारी एक बाई नदीत सापडलेला दगड घेऊन उभ्या होत्या. तळहाताएवढा, पण हुबेहूब डोंगर. बोन्सायच्या जोडीला असे दगडही प्रदर्शनात मांडतात; अर्ज मात्र सगळ्यांना एकच.

“याचं वय काय लिहू हो?” त्यांनी विचारलं.

टेबलामागचे गृहस्थ गडबडले. “लिहा अंदाजे.”

बाईंनी दगडाकडे पाहिलं, हसल्या आणि लिहिलं, ‘माझ्याकडे चार वर्षे’.

मला गंमत वाटली. वय म्हणून मी लिहिले होते ते माझेच कष्ट. पिंपळाला त्याचं काय? माझ्याही आकड्याआधी ‘माझ्याकडे’ लिहावंसं वाटलं, पण माझ्या मोठ्या अक्षरांनी जागाच ठेवली नव्हती.

संध्याकाळी पिंपळ उचलून निघालो, तर त्याच बाई मागून म्हणाल्या, “जपून न्या हो, लहान आहे अजून!”