अकरावी गाठ

दुपारचं जेवण अंगावर आलंय. वैतिआरे ओसरीवर चटई टाकते, काथ्याचा दोर छातीशी घेते आणि डोळे मिटते. झोपायचं नाहीये तिला, नुसतं पडायचंय. पण मोतुहीवा बेटावरची दुपार कुणाचं ऐकत नाही. पुढं समुद्र, मागं समुद्र, शेजारचं गाव बोटीनं पाच दिवसांवर. असल्या ठिकाणी दुपारी झोपायचं नाही तर करायचं काय!

पण आज डोळा लागून चालणार नाही. हा दोर म्हणजे बेटाची वंशावळ आहे. पहिल्या होडीतून उतरलेली सारी माणसं आणि नंतर प्रत्येक पिढीतला एक थोरला, अशी एका माणसाची एक गाठ. ती होडी ज्या दिवशी किनाऱ्याला लागली, त्या दिवशी दरवर्षी दगडी चौथऱ्यावर उभं राहून, गाठी चाचपत नावं म्हणायची. एक जरी नाव चुकलं तरी दोर दुसऱ्या घराण्याकडं जातो. वैतिआरेच्या आईनं, हिनातेआनं, चाळीस वर्षं तो राखला. सात महिन्यांपूर्वी आई गेली. आज वैतिआरेची पहिलीच वेळ.

घोडं अडलंय ते अकराव्या गाठीपाशी. तिथं आली की आई खोकायची. नाव नाही, नुसता खोकला, मग पुढची गाठ. तिनं लेकीलाही तसंच शिकवलं. बेटावरची पोरं वंशावळ-वंशावळ खेळतात तेव्हा तीसुद्धा तिथं इमानेइतबारे खोकतात. चाळीस वर्षांत खोकल्यालाही मंत्राचा मान मिळालाय.

पण दुसऱ्या घराण्याचा पुआरीकी म्हातारा आंधळा आहे आणि आंधळ्याच्या बोटांना फसवता येत नाही. हिनातेआच्या मयताला त्यानं दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला. "गाठी एकतीस, नावं तीस," तो म्हणाला. "खोकला म्हणजे काही नाव नव्हे, पोरी. यंदा मी शेजारी उभा राहीन." माणूस वाईट नाही. खरं तेच बोलला, हीच अडचण आहे.

ओसरीच्या कडेला कुणीतरी नारळ खवतंय. खर्र, खर्र. वैतिआरे बघते तर आई. तोच विटका निळा झगा, तीच पाय पसरून बसायची तऱ्हा.

"आई, तू मेलीस ना?"

"मेले म्हणून काय नारळ खवू नये?"

वैतिआरेला हसू येतं आणि भीती वाटत नाही, याचंच तिला नवल वाटतं. पायांना गार लागतं. ओसरीच्या फळ्यांमधून पाणी वर येतंय. फळ्या हलतायत. खांबाला शीड बांधलंय आणि सगळीकडं पाणीच पाणी आहे. होडीच्या मधोमध दुकानातला डीप फ्रीझर ठेवलाय. आई झाकण उघडून ओल्या पानांत गुंडाळलेले अळूचे कोंब मोजते.

"एवढे जगले तर सगळे जगतील," ती म्हणते. "बस, उभी राहू नकोस. होडी लवंडेल."

दोन्ही बाजूंना माणसं बसलीयत, उन्हानं रापलेली, ओठ फुटलेली. वैतिआरे ओळीनं एकेकाच्या खांद्याला हात लावते आणि ते आपलं नाव सांगतात. तावाके. उपेंगा. मग आणखी आठ. सगळी नावं तिला पाठ आहेत. दहाव्या माणसानंतर हात पुढं जातो आणि तिथं खांदाच नसतो. फळीवर एक गाठोडं आहे.

"घे त्याला," आई म्हणते. "मान सांभाळ."

गाठोड्यात तान्हं मूल आहे. वैतिआरे त्याला खांद्याशी धरते. ते खोकतं. बारीक, कोरडा खोकला, ऐकवत नाही असा.

"कोण गं हा?"

आई खवायचं थांबवते. "तुझा थोरला भाऊ."

"मला भाऊ होता?"

"नऊ दिवस होता. त्या साली माल घेऊन बोट आली आणि खोकलाही घेऊन आली. दहाव्या दिवशी नाळ पुरायची, नाव ठेवायचं, मग गाठ. तुला रीत माहीत आहे. तो नवव्या दिवशी गेला." आईचा आवाज चिरकतो. "नाव नाही म्हणून गाठ नाही. गाठ नाही म्हणजे तो आलाच नाही इथं. माझ्या पोटातून येऊनसुद्धा आला नाही!"

वैतिआरेला रडू कोसळतं. मूल मात्र तिच्या मानेत तोंड खुपसून गप्प झालंय.

"जुना दोर कुजला होता. नवा मी वळला," आई सांगते. "त्याची गाठ शेवटी घातली असती तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. म्हणून त्याला होडीतच बसवला. म्हटलं, एवढी माणसं आली, एक तान्हं जास्त झालं तर काय होडी बुडणार आहे?"

"आणि नाव काय घेऊ मी? सगळं गाव उभं असेल, आई."

"नाव मी कुठून आणू? त्याचा तेवढाच आवाज मला ठाऊक. तोच म्हणत आले चाळीस वर्षं. सगळ्यांकडून म्हणवून घेतला." ती पुन्हा नारळ उचलते. "तुला लपवायचं नसेल तर नको लपवूस. मी थकले होते लपवून."

खर्र, खर्र. मग टक, टक. पायरीवर काठी.

वैतिआरे उठून बसते. ऊन कलंडलंय. फळ्या कोरड्या आहेत. ओसरीच्या तोंडाशी पुआरीकी उभा आहे, अंगात धुतलेला सदरा.

"चल, लोक जमलेत. सापडलं का नाव?" असं म्हणत तो जवळ येतो आणि मध्येच थबकतो. नाकपुड्या हलवतो. "दुधाचा वास येतोय. आंबूस. तुमच्याकडं तान्हं कुणाचं आलंय?"

तिच्या घरात वीस वर्षांत तान्हं मूल आलेलं नाही. ती खांद्यावर हात नेते. पोलकं तिथं ओलं आहे, चिकट, आणि अजून कोमट.

बेटावर बापाच्या वयाच्या प्रत्येकाला बाबाच म्हणतात. ती म्हाताऱ्याचा हात धरते आणि त्या ओल्या जागेवर ठेवते.

"बाबा," ती म्हणते, "हा माझा थोरला भाऊ."